फुकटी

४ जानेवारी, रविवार

बोलून टाकलं! चहाच्या टपरीवर, सगळ्यांसमोर. मार्चच्या पहिल्या रविवारी शंभरी करणार. आणि परतताना पुलापासून गावापर्यंतचा उघडा रस्ता मी सगळ्यांच्या पुढे राहणार.

आमच्या सायकलवाल्या टोळीचा नियमच आहे — शंभर किलोमीटरचं ध्येय मनात ठेवायचं नाही, चहा हातात धरून मोठ्याने बोलायचं. बोललं की बदलायचं नाही. मोडलं तर वर्षभर सगळ्यांची पंक्चरं काढायची. आजवर माझ्या वाटचंही ताईच बोलायची. आज मी तोंड उघडल्यावर सगळे असे बघायला लागले जसं टपरीचं बाकडंच बोललं.

कप्तान म्हणाले, "धाकटे, शंभर हे ध्येय नाही, तो निकाल झाला. या आठवड्यात काय करणार ते सांग."

कप्तान आयुष्यात कशाचेच कप्तान नव्हते. बँकेत कॅशियर होते. पण सायकलवर बसले की त्यांचं ऐकावं लागतं.

या आठवड्याचं ध्येय — पाण्याच्या टाकीपर्यंत पुढे राहायचं. मान खाली घालायची नाही.

धाकटी. अजून धाकटीच म्हणतात. थोरली जाऊन दोन महिने होत आले, आता मी कोणापेक्षा धाकटी?

६ जानेवारी

लॅबमध्ये दिवसभर कवळ्या. एका आजोबांची तिसऱ्यांदा परत आली. पॉलिशवालीला शंभरीचं सांगितलं तर म्हणाली, "अगं, या वयात?" या वयातच — असं म्हणायचं होतं. नुसतं हसले.

संध्याकाळी सायकल बाहेर काढताना आई दारात उभी. "ते सायकलचं आता पुरे झालं." तशीच निघाले. परत आले तर पाण्याचा पेला हातात द्यायच्या आधी विचारते — "छातीत धडधडत नाही ना?" हल्ली रोज हेच. सायकल चालवल्यावर धडधडणार नाही तर काय होणार!

११ जानेवारी, रविवार

टाकीपर्यंत पुढे राहिले. ध्येय पूर्ण.

वारा समोरून होता. पुढच्याने वारा अंगावर घ्यायचा, मागच्यांनी त्याच्या चाकाला चाक लावून आडोशाने यायचं — मागच्याचे निम्मे कष्ट वाचतात. म्हणून आमच्यात पाळी असते. कप्तान पुकारतात, पुढचा बाजूला होतो, दुसरा पुढे येतो. जो पाळी चुकवतो त्याला सगळे मिळून धुतात. फुकटा! — हीच आमची सर्वांत मोठी शिवी.

गेल्या जूनपर्यंत ताई पुढे आणि मी मागे. शाळेतही तसंच होतं — डबा तिच्या हातात, उत्तरं तिच्या तोंडात. मग एका रविवारी म्हणाली, "आता तू पुढे हो. किती वर्षं माझी पाठ बघणार?" त्यानंतर एकदाही पुढे आली नाही. मला ध्येयं मात्र घालून देत राहिली. आधी टाकी. मग दगडाची खाण. मग पूल. "पुलापर्यंत ओढलंस मला, की तू तयार झालीस."

मी दमले की ओरडायचे — "फुकटे! ये की पुढे!" मागून ती हसत म्हणायची, "ओढ गं, ओढ. खाल्लंयस ना सकाळी!"

टोळीतलं दुसरं कोणी तिला कधी काही बोललं नाही. मला वाटायचं, मान ठेवतात.

पुढचं ध्येय — खाण.

१८ जानेवारी, रविवार

खाणीपर्यंत गेले. त्याचा आनंद व्हायला पाच मिनिटंसुद्धा मिळाली नाहीत.

टपरीवर पंप माझ्याशेजारी बसला होता. पंप म्हणजे आमच्यातला शिंपी — हवेचा पंप सतत खांद्याला लावलेला. पोटात काही राहत नाही बिचाऱ्याच्या. म्हणाला, "थोरली आज असती तर नाचली असती. काय बाई होती! डॉक्टरांनी जिनासुद्धा जपून चढायला सांगितलेला, तरी मागे बसून का होईना, यायचीच."

मी विचारलं, "कुठले डॉक्टर?"

सगळे आपापल्या पेल्यात बघत होते. पंपने माझ्याकडे पाहिलं, मग कप्तानांकडे, आणि त्याचा चेहरा उतरला. कप्तान म्हणाले, "चहा गार होतोय."

कुठले डॉक्टर? ताई अचानक गेली. झोपेत. अचानक — हाच शब्द सगळे म्हणाले होते. मीही सगळ्यांना हेच सांगत आले!

१९ जानेवारी

भावजींना फोन केला. विचारलं. म्हणाले — "घरी ये. फोनवर नको."

म्हणजे खरं आहे.

२० जानेवारी

ताईच्या घरी जाऊन आले. भावजींनी सगळं सांगितलं. तिच्या खुर्चीवर तिचं हेल्मेट अजून तसंच आहे.

हृदयाचा स्नायू जाड झाला होता. मे महिन्यातच कळलं होतं. दम लागेल असं काही करायचं नाही, सांगितलं होतं. मे महिन्यात कळलं आणि जूनमध्ये ती मला म्हणाली — आता तू पुढे हो.

भावजींना माहीत होतं. ठेंगीला, म्हणजे त्यांच्या लेकीला, माहीत होतं. आईला माहीत होतं. टोळीला तिने स्वतः सांगितलं होतं — रस्त्यात काही झालं तर कोणी गोंधळू नये म्हणून. पंपलासुद्धा! ज्याच्या पोटात तीळ भिजत नाही त्याने इतके महिने तोंड बंद ठेवलं. फक्त मला नाही. ती ज्या चाकामागे होती ते चाक माझं होतं, आणि मलाच नाही.

"का?" एवढंच विचारलं.

भावजी म्हणाले, "ती म्हणायची, घरात सगळे मला काचेच्या भांड्यासारखं धरतात. एक माणूस तरी मला शिव्या घालणारं राहू दे."

म्हणजे मी औषध होते तर. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी.

उठले तर म्हणाले, "थांब. तूही तपासून घे. हे घराण्यात असतं. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं."

"तेव्हाच म्हणजे?"

"ठेंगीची तपासणी केली आम्ही जूनमध्ये. ठीक निघाली."

"आणि माझी?"

टेबलाची कड बोटाने घासत बसले. "तिचं म्हणणं पडलं, तू लगेच सायकल सोडशील. शंभरी होऊ दे, मग मी तिला स्वतः सांगते, म्हणाली."

लेकीची केली, बहिणीची नाही. शंभरी होऊ दे! माझ्या छातीत काय आहे हे मला कधी कळावं, तेही तिनेच ठरवलं. माझी ध्येयं तीच ठरवायची, तसंच.

२१ जानेवारी

आईला विचारलं. "तिने शपथ घातली होती गं मला." मग रडायला लागली. मी उठून भांडी घासली. आधीची स्वच्छ होती तीही घासली.

२३ जानेवारी

लॅबमध्ये एक साचा फोडला. हातातून पडला असं सांगितलं. पडला नव्हता.

इतकी वर्षं हे काम करतेय. कवळी टोचत असते, हिरडी सोललेली असते, आणि माणूस म्हणतो — छान बसली हो! मग ती खिशात घालून फिरतो आणि मऊ भातावर दिवस काढतो. मला वाटायचं, अशी माणसं ओळखता येतात मला. जबडा बघून कळतं.

ताईचा जबडा मला कधी बघावासा वाटला नाही. ती तर माझ्या मागेच असायची.

२५ जानेवारी, रविवार

गेले नाही. ध्येय — कोणाचा फोन घ्यायचा नाही. पूर्ण झालं.

२८ जानेवारी

कप्तान लॅबवर आले. त्यांची वरची कवळी आमच्याकडचीच आहे. म्हणाले, सैल झालीय. काढून माझ्या हातात दिली. बघितली, काही सैल नव्हती. पण ती माझ्या हातात आणि ते समोर बोळक्या तोंडाने उभे. दात नसलेल्या माणसावर धड रागावताही येत नाही. मला वाटतं, त्यांना हे माहीत होतं.

"धाकटे, चुकलं आमचं."

मी म्हटलं, "मी तिला फुकटी म्हणत होते. दर रविवारी. तुम्ही सगळे ऐकत होता."

"हो."

"एकदा तरी अडवायचंत मला."

"एकदा अडवणार होतो. ऑगस्टात, खाणीच्या चढावर. तू फारच बोललीस त्या दिवशी. मी तोंड उघडलं आणि तिने हात केला." त्यांनी पंजा खाली करून हलवला. खड्डा आला, सावकाश — असं सांगायला आम्ही करतो तसा. "राहू द्या, म्हणून."

मला तो हात दिसला नाही. मी पुढे होते.

कवळी धुऊन, पुसून परत दिली. "घट्ट आहे," म्हटलं. ते म्हणाले, "माहितेय." दात बसवले आणि गेले. पॉलिशवाली विचारते, "पैसे नाही दिले त्यांनी?"

१ फेब्रुवारी, रविवार

एकटी गेले. खाणीपर्यंत आणि पुढेही. रागाने पाय चांगले चालतात, हे मला ठाऊक नव्हतं. वारा समोरून होता आणि मागे कोणी नव्हतं. कोणालाही आडोसा द्यायचा नव्हता. बरं वाटलं. मग नाही वाटलं.

४ फेब्रुवारी

भावजींचा निरोप — तपासणीची वेळ घेऊ का? उत्तर दिलं — शंभरी झाल्यावर. तुमच्याच बायकोचा शब्द पाळतेय.

वाईट बोलले. पुसलं नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

टोळीबरोबर गेले. ध्येय बोलून बसलेय, काय करणार. कोणाशी बोलले नाही. पंपने माझ्या दोन्ही टायरांत न सांगता हवा भरली आणि लांब जाऊन उभा राहिला.

आणि ठेंगी आली — ताईच्या सायकलवर! लहानपणी ठेंगणी होती म्हणून ठेंगी. आता माझ्यापेक्षा वीतभर उंच, तरी नाव तेच. सीट वर न करताच आलेली, गुडघे हनुवटीला लागत होते. कप्तानांनी सीट चढवून दिली. ताईची खूण केलेली होती नळीवर, सीट त्या खुणेच्या बरीच वर गेली.

माझ्या शेजारी येऊन म्हणाली, "मावशी, बाबांवर राग धर, आजीवर धर. माझ्याशी बोल."

"तुला माहीत होतं."

"होतं! काय मजा होती का त्यात? तुम्ही दोघी हसत सुटायचात सायकलवर आणि मी खिडकीत. आई कोपऱ्यावर दिसेपर्यंत मी तोंडसुद्धा धुतलेलं नसायचं. तुला निदान रविवार तरी मिळाले."

पण कप्तानांनी पाळी पुकारली तेव्हा तिला म्हटलं, "माझं चाक धर. हातभर अंतर ठेव. ब्रेकवर बोट, लक्ष माझ्या पाठीकडे." पुलापर्यंत आणली तिला. धापा टाकत होती. "आईने मला कधी हे शिकवलं नाही," म्हणाली.

तुझ्या आईने मलाही बरंच शिकवलं नाही गं.

१५ फेब्रुवारी, रविवार

मी आणि ठेंगी आलटूनपालटून पुढे. पोरीचे पाय लोखंडी आहेत. वर तोंडही आईचंच! पाळी आली की ओरडते — "चला, म्हातारे, बाजूला व्हा!"

कप्तानांशी दोन वाक्यं बोलले. हवेबद्दल.

आईशी अजून नाही. ती पेला ठेवते, मी पाणी पिते. आता ती विचारत नाही धडधडतं का म्हणून. नुसती बघते.

२२ फेब्रुवारी, रविवार

शेवटची लांबची फेरी. पुढच्या रविवारी शंभरी.

चढावर मी पुढे होते. छातीत काहीतरी अडखळलं. जिना उतरताना एक पायरी चुकावी तसं. डोळ्यांसमोर क्षणभर पांढरं झालं. मग पुन्हा सगळं नीट. कोणाला कळलं नाही. बाजूला झाले, ठेंगीला पुढे जा म्हटलं.

दमले असेन.

२३ फेब्रुवारी

वेळ घेतली. गुरुवारची. भावजींना सांगितलं नाही, स्वतः घेतली. ताईच्याच डॉक्टरांची.

आणि इथे लिहून ठेवते — निकाल काही येवो, त्याच दिवशी सगळ्यांना सांगणार. जेवायला बसल्यावर, आईच्या तोंडावर. भावजींना, ठेंगीला, टपरीवर टोळीला. हातात चहा धरून, मोठ्याने. माझ्याशी जे केलं ते मी कोणाशी करणार नाही. केसाने गळा कापतात आपलीच माणसं, आणि वर म्हणतात, तुझ्यासाठीच. मी ताई नाही.

हे माझं ध्येय. हे कोणी घालून दिलेलं नाही.

२६ फेब्रुवारी

छातीवर गार जेल लावून डॉक्टर पडद्यावर बघत होते. मीही बघत होते. मला त्यातलं काही कळत नाही, पण तेच तेच पुन्हा मोजायला लागले तेव्हा कळलं. आम्हीही तसंच करतो — माप चुकलंय असं वाटलं की.

तेच आहे. ताईचंच. तिच्याहून कमी, लवकर सापडलं, गोळ्या आहेत, पुष्कळ माणसं नीट जगतात — असं सगळं ते नीट समजावून सांगत होते. शंभर किलोमीटर नाही. चढ नाही. दम लागेल असं काही नाही.

मी विचारलं, "सपाटीवर? थोडंसंच? कोणाच्या तरी मागे बसून?"

"मागे बसून म्हणजे?"

समजावलं. पुढच्याने वारा घ्यायचा, मागच्याचे कष्ट वाचतात. ठोके वाढत नाहीत फारसे.

पेन खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या बहिणीने अगदी हाच प्रश्न विचारला होता. मी तिला काय सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. हळू, जवळच्या जवळ, आणि बरोबरच्या लोकांना माहीत असलं पाहिजे."

बाहेर आले. सायकल नेली नव्हती, चालत आले. आई स्वयंपाकघरात आहे. ताटं मांडल्याचा आवाज येतोय. आता जाते आणि सांगते. आत्ताच.

१ मार्च, रविवार

पुलापर्यंतच जाईन म्हणाले, गुडघा दुखतोय. आई निघताना म्हणाली, "तपासणी ठीक आली ना, मग हळू का होईना, जा. मी उगाच घाबरत होते." खूप दिवसांनी हसली.

टपरीवर चहा हातात होता. तो पिऊन टाकला. फक्त कप्तानांना बाजूला घेऊन खरं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली. त्यानंतर सगळ्यांची पाळी पुकारली, माझी नाही.

खाणीपाशी वारा समोरून आला. ठेंगी पुढे, मी तिच्या चाकाला. मान मागे न वळवता ओरडली —

"मावशी! आईला तरी कारण होतं! तुला काय धाड भरलीय? फुकटी!"

कप्तान माझ्या शेजारी होते. तोंड उघडणार होते. मी पंजा खाली करून हलवला.

"ओढ गं," म्हटलं. "खाल्लंयस ना सकाळी!"